डांगी खोंडाला शाम्पू

भिंगारला येऊन तुम्ही माझ्या पाळण्यातल्या नावाने चौकशी केलीत, तर अर्धा दिवस फिराल. ‘भादरमास्तर कुठं राहतात?’ एवढंच विचारा. पानटपरीवाला हातातलं पान तसंच ठेवून तुम्हाला दारापर्यंत आणून सोडेल आणि वर ‘म्हैस हाय का गाय?’ असंही विचारेल.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. भादरणं म्हणजे जनावराच्या अंगावरचे केस काढणं. आमच्या नगर जिल्ह्यात फाल्गुन सरत आला की म्हशी भादरून घेतात. काळी कातडी, त्यावर राठ केस, त्यात धूळ आणि गोचीड. केस काढले की म्हशीला गार वाटतं आणि ती दुधाला टिकते. माणसाच्या डोक्याला हा शब्द लावला तर भांडण होतं, पण माझं पोट त्याच शब्दावर चाललं आहे. लग्नाच्या बोलणीत वडिलांनी ‘मुलगा केस कापायचं काम करतो, हात चांगला आहे’ इतकंच सांगितलं होतं. आमच्या सौभाग्यवती अजून पाहुण्यांना सांगतात, “कुणाचे केस, एवढं तेव्हाच विचारायला पाहिजे होतं.”

वडील लष्करी छावणीतल्या तबेल्यात घोड्यांना खरारा करायचे. खरारा म्हणजे घोड्याचं सगळं अंग ब्रशने घासून, चोळून चकचकीत करणं. घोडे कमी होत गेले, वडील घरी बसले, पण त्यांच्या हातातलं कसब माझ्याकडे आलं. जनावराच्या समोरून किंवा थेट मागून जायचं नाही, खांद्याकडून जायचं, आधी रिकामा हात ठेवायचा आणि जनावराने कान सैल सोडल्याशिवाय हत्यार काढायचं नाही, हे त्यांनी मला शिकवलं. एकदा मी घाई केली तेव्हा एका म्हशीने मला उकिरड्यात बसवलं होतं. त्यानंतर मी कधी घाई केली नाही.

सुरुवातीला कात्री आणि हाताने दाबायचं मशीन असायचं. एक म्हैस भादरायला अख्खी सकाळ जायची आणि बोटं आखडून जायची. आता बॅटरीचं मशीन आलं. कामही बदललं. म्हशींपेक्षा प्रदर्शनात न्यायच्या गायी जास्त येऊ लागल्या. आमच्याकडे दुधाचा धंदा मोठा, त्यामुळे गावोगावच्या जत्रांत आणि कृषी प्रदर्शनांत संकरित गायींच्या स्पर्धा होतात. पोरं गायीचे व्हिडिओ मोबाईलवर टाकतात. गाय नुसती चांगली असून भागत नाही, ती दिसायलाही लागते.

आणि जत्रा नेमक्या उन्हाळ्यात. इथेच आमची कसोटी लागते. लोकांना वाटतं, उकडतंय ना, मग काढा सगळे केस. तसं नसतं. संकरित गायीच्या पांढऱ्या केसांखाली गुलाबी कातडी असते. ती उघडी पडली की दोन दिवसांत पोळते. म्हणून पाठीवर मी मशीन हलक्या हाताने, थोडे केस राखून फिरवतो. डोकं, मान, पोट आणि कास मात्र बारीक करतो, कारण कासेवरच्या शिरा परीक्षकाला दिसायला हव्या असतात. मणक्यावरच्या केसांची एक पट्टी ठेवून ती उभी विंचरायची, म्हणजे पाठ सरळ दिसते. शेपटीचा गोंडा धुऊन, विंचरून मोकळा सोडायचा. हे सगळं प्रदर्शनाच्या आठ-दहा दिवस आधी, आणि सकाळी ऊन तापायच्या आत. चालू मशीनचं पातं पाच-सात मिनिटांत तापतं. ते तापलंय का हे मी स्वतःच्या मनगटाला लावून बघतो. माझ्या डाव्या मनगटावर त्याचे बारीक डाग आहेत. सौभाग्यवती म्हणतात, गायीला लागू नये म्हणून स्वतःला भाजून घेणारा हा एकच माणूस.

पण एका गायीला लागलंच. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका शेतकऱ्याच्या आग्रहाला भुलून मी त्याची पांढरीशुभ्र गाय चैत्रात पाठीसकट कातडीपर्यंत साफ केली. चौथ्या दिवशी तिच्या पाठीला फोड आले. त्या माणसाची आई दुपारभर गायीजवळ बसून सुपाने वारा घालत होती. मला बघून ती नुसती सरकून बसली. मी आठ दिवस जाऊन मलम लावत होतो. गाय बरी झाली, पण ती आठवण अजून बोचते.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. शेवगावकडचे एक बागायतदार होते. उन्हात काळ्या गायीचे केस तांबूस पडतात, तसे त्यांच्या गायीचे पडले होते. मी म्हटलं, दिवसा सावलीत बांधा, खनिज मिश्रण चालू ठेवा, महिनाभरात फरक पडेल. त्यांना महिना कुठला धीर? प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी बघतो तर गाय कोळशासारखी काळी.

“काय केलं हो हिला?” मी विचारलं.

“काय न्हाई. आपलीच काळी मेंदी,” ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले. “मला चालती तर तिला का न्हाई?”

बारा वाजता ऊन असं तापलं की त्यांनी गायीवर दोन बादल्या पाणी ओतलं आणि उरलेलं स्वतःच्या डोक्यावर. गायीचे पांढरे पट्टे राखाडी झाले, मालकाचा पांढरा सदराही राखाडी झाला. परीक्षकांनी दोघांकडे आळीपाळीने बघून विचारलं, “यातलं स्पर्धेला कोण आहे?” आजही ते बागायतदार भेटले की आधी स्वतःच तो किस्सा सांगतात. माणूस दिलदार.

अशी वर्षं गेली आणि मला वाटू लागलं की जनावराच्या केसांतलं आपल्याला कळत नाही असं काही उरलेलं नाही. तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखात राजूरच्या डोंगरात माझी ही घमेंड उतरली.

आमच्या गल्लीत सुनील नावाचा एक तरुण भाड्याने राहतो. त्याची सासुरवाडी अकोले तालुक्यात, राजूरपासून पुढे डोंगरात. त्याचे सासरे लहानूबाबा यांच्याकडे एक डांगी खोंड, म्हणजे वयात येणारा गोऱ्हा, होता. डांगी ही तिकडची जात: काळ्यापांढऱ्या ठिगळांची, बुटकी, दणकट. मुसळधार पावसात भातखाचरातला चिखल तुडवायला तिच्यासारखं जनावर नाही. जवळच्या गावी जत्रेत डांगी जनावरांचं प्रदर्शन होतं आणि सुनीलला सासऱ्यांसाठी काहीतरी करून दाखवायचं होतं. तो म्हणाला, “मास्तर, मला रजा नाही, तुम्ही तीन दिवस आधी जा आणि खोंड असा तयार करा की लोक बघत राहिले पाहिजेत.” मी बॅग भरली. मशीन, तीन प्रकारचे ब्रश, कंगवे आणि जनावरांचा लिंबाच्या वासाचा भारी शाम्पू. एसटीने संगमनेर, तिथून अकोले, तिथून राजूर आणि पुढे जीपमध्ये लटकत.

लहानूबाबा सत्तरीचे, वाळलेल्या शेंगेसारखे काटक. त्यांनी मला पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली आणि खोंड दाखवला. नाव बांड्या. कपाळावर पांढरा ठिपका, वशिंड भरलेलं आणि अंग असं काळंभोर चमकणारं की मला जरा रागच आला. आधीच इतका देखणा असेल तर मी काय करायचं?

जेवताना बाबांनी सगळं सांगितलं. गावात त्या वर्षी दोन खोंड वयात आले होते, एक त्यांचा आणि एक नामदेवचा. चरायचं रान एकच. दोन वळू एका रानात सोडले की झुंजतात, कुंपणं मोडतात, गायींना धड चरू देत नाहीत. गावाने बसून ठरवलं होतं की प्रदर्शनात ज्याचा खोंड वर येईल तो गावाचा वळू राहील. दुसरा खच्ची करून पावसाच्या आत औताला जुंपायचा.

“म्हणजे हा नाही आला तर…” मी म्हटलं.

“डॉक्टर चिमटा घिऊन येतील,” बाबा म्हणाले. “गावानं ठरवलं ते ठरवलं. मी बी मान डोलावली हुती.”

बाबांची बायको ठकूमावशी चुलीपाशी बसली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “ह्याची माय आठव्या दिशी गेली. शेळीच्या दुधावर वाढवलाय म्या त्याला. माझ्या आईनं आंदन दिलेल्या गाईचं हे शेवटचं बी हाय, मास्तर. ह्यो खच्ची झाला की संपलं.”

त्या घराचा जीव कशासाठी टांगणीला लागला होता ते आता मला कळलं. मी छाती पुढे काढून म्हटलं, “मावशी, काळजी करू नका.” माणसाने असं कधी म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नवीन कासरा आणायला राजूरच्या बाजाराला गेले. मी बाह्या सावरल्या. केस कापण्यासारखे काही नव्हतेच. डांगीचे केस मुळात आखूड. हात फिरवला तर तळव्याला काळपट, चिकट काहीतरी लागलं. माझ्या मनात आलं, केवढा हा मळ! कधी धुतलंय की नाही याला? मी मावशीकडे पाणी मागितलं. वैशाखात तिकडे पाणी म्हणजे उतारावरच्या विहिरीवरून डोक्यावर आणायचं. तरी तिने दोन हंडे आणून दिले आणि विचारलं, “धुनार?”

“धुणार म्हणजे काय, आरसा करून टाकतो. तुम्ही कशाने धुता?”

“आमी कशाला धुतोय? पाऊस धुतो त्याला.”

मी हसलो. खरंच हसलो, आणि शाम्पूची अर्धी बाटली त्याच्या अंगावर रिकामी केली. छान फेस आला. मानेपासून शेपटीपर्यंत खसाखसा घासला, गळ्याखालची लोंबती पोळी घासली, मांड्या घासल्या. फेसाचं पाणी काळं वाहत होतं आणि ते बघून मला समाधान वाटत होतं. बांड्या बिचारा शहाण्यासारखा उभा.

तासाभराने अंग वाळलं आणि मी जवळ जाऊन बघितलं. काळ्याचा करडा झाला होता. केस पिंजारून उभे राहिले होते आणि चमक नावालाही नव्हती. दुपारपर्यंत पाठीवर कोंडा दिसू लागला. मी ब्रश फिरवला तर धूळ उडावी तसा तो उडाला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते काळपट चिकट म्हणजे मळ नव्हता. ते बांड्याचं स्वतःचं तेल होतं. डांगीची कातडी तेल सोडते आणि म्हणूनच त्या डोंगरातला चार महिन्यांचा पाऊस तिच्या अंगावर न टिकता ओघळून जातो. मी पस्तीस वर्षांच्या अनुभवाने ते तेल अर्ध्या तासात काढून टाकलं होतं.

बाबा बाजारातून आले. त्यांनी खोंडाकडे बघितलं, जवळ गेले, पाठीवरून हात फिरवला, तो हात नाकाशी नेला. मी उगाच ब्रश गोळा करू लागलो. मग ते म्हणाले, “ऊन लागलं आसंल त्याला.”

“हो बाबा,” मी पटकन म्हणालो. “उन्हानंच. यंदा ऊन फार आहे.”

ठकूमावशी दारात उभी होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि भांडी घासायला घेतली.

आयुष्यात मी फार खोटं बोललेलो नाही. धंद्यात जेवढं लागतं तेवढंच. पण या एका वाक्याने मी स्वतःच्या नजरेतून उतरलो. बॅगेत चमक आणायचं तेल होतं, ते काढायला हात गेला तर बाबा म्हणाले, “बाटलीतलं काय लावू नका. नुसत्या तळहातानं चोळा. चोळलं की येतं.”

“काय येतं?” मी उगाच विचारलं.

“यील तवा दिसंल,” बाबा म्हणाले.

तो सगळा दुपारचा वेळ आणि पुढचा अख्खा दिवस मी जांभळीच्या सावलीत बसून खोंडाला नुसत्या हाताने चोळत होतो. ना मशीन, ना ब्रश. खांद्यापासून मागे, केस झोपतात त्या दिशेने, तळवा दाबून. मध्येच बाबा त्याला थोडं फिरवून आणायचे, अंग गरम झालं की पुन्हा माझ्या स्वाधीन करायचे. माझे तळवे सोलून निघाले. बांड्याला मात्र ते इतकं आवडलं की मी थांबलो की तो मला डोक्याने ढकलायचा. तीन-तीनदा माझ्या तोंडाशी आलं, बाबा, मीच धुतलंय. पण प्रत्येक वेळी मावशी काहीतरी खायला घेऊन यायची, करवंदं, कधी गुळपाणी, आणि मी ते खाऊन गप्प बसायचो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करडा रंग जरा गडद झाला. तळव्याला मात्र काही लागत नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी जत्रेच्या माळावर दोऱ्या बांधून रिंगण केलं होतं. परीक्षक होते एक निवृत्त जनावरांचे डॉक्टर, दुसऱ्या तालुक्यातले. आधी ते जनावर चालवून बघत, खूर बघत, दात बघत. मग वशिंडापासून मागच्या पुठ्ठ्यापर्यंत तळहात दाबून ओढत आणि तो हात उन्हात धरून बघत. डांगीची खरी परीक्षा हीच, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

नामदेवचा खोंड उन्हात झळकत होता. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवरून हात ओढला, हुंगला आणि म्हणाले, “खोबरेल का?”

रिंगणाभोवती हशा पिकला. नामदेव खाली मान घालून म्हणाला, “बायकुनं लावलं, सायेब.” डॉक्टरांनी थोडे गुण कापले, पण खोंड बाद केला नाही.

मला जरा बरं वाटलं. पण पुढचा बांड्या होता. लहानूबाबा नवीन कासरा धरून ताठ उभे होते. डॉक्टरांनी खोंड चालवला आणि त्यांचा चेहरा खुलला. पाय बघितले, छाती बघितली. मग पाठीवरून हात ओढला. उन्हात धरला. पुन्हा ओढला.

“बाबा, खोंड फार देखणा आहे,” ते म्हणाले. “चाल, हाड, वशिंड, कशालाच नाव ठेवायला जागा नाही. पण अंगाला तेल नाही. याची वासरं इथल्या पावसात टिकायची कशी? असा वळू मी पुढे करू शकत नाही.” आणि त्यांनी वही उघडली.

मी बाबांकडे बघत होतो. ते आता सांगतील की खोंडाला ऊन लागलंय, असं मला वाटलं. पण त्यांनी बांड्याच्या मानेवर हात ठेवला आणि समोर बघत राहिले.

आजूबाजूला पोरं मोबाईल धरून उभी होती. माझी अर्धी कामं मोबाईलवरच्या व्हिडिओंमधून येतात. माझी प्रसिद्धी ज्याने झाली त्यानेच आता माझी शोभा होणार, हे स्पष्ट दिसत होतं. आणि गप्प राहिलो असतो तर कुणालाही काही कळलं नसतं. संध्याकाळच्या गाडीने मी घरी, आणि चार दिवसांनी डॉक्टरचा चिमटा बाबांच्या गोठ्यात. मी दोरी उचलली आणि रिंगणात शिरलो.

“साहेब, तेल होतं. मी धुतलं,” मी म्हणालो. 

“कशानं?”

“शाम्पूनं.”

अख्खा माळ हसला. “साबन डोळ्यात तर न्हाई ना गेला ओ त्याच्या?” कुणीतरी ओरडलं. “पावडर लावायची ऱ्हायली का?” दुसरा म्हणाला. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

“कुठले तुम्ही?”

“भिंगारचा. संकरित गायी प्रदर्शनासाठी तयार करतो. डांगी कधी हाताळली नव्हती. मला तो मळ वाटला.”

“अहो, याच्या अंगावरचा रेनकोटच काढून घेतलात की तुम्ही!” ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “पण तुम्ही म्हणता म्हणून मी कसं मानू? धुतल्यामुळे तेल गेलं की मुळातच नव्हतं, हे मला कसं कळावं?”

बरोबर होतं त्यांचं. मी खोंडाकडे बघितलं आणि मला एकदम सुचलं. आमच्या कामात जनावराचे कान कधी भिजवत नाहीत. कानात पाणी गेलं की जनावर डोकं झटकत राहतं, खाणं सोडतं. म्हणून कान आणि कानामागचा खोलगट भाग मी नेहमी कोरडा ठेवतो. हा नियम माझ्या हातात इतका मुरलाय की मूर्खपणा करतानाही मी तो पाळला होता.

“साहेब, कानामागं बघा. तिथं मी पाण्याचा थेंब लावलेला नाही.”

डॉक्टरांनी बांड्याचा डावा कान उचलला, मागे दोन बोटं घालून चोळली आणि बाहेर काढली. बोटं काळी, चकचकीत. त्यांनी ती हुंगली, उजव्या कानामागेही तसंच केलं आणि दोन्ही हात वर करून लोकांना दाखवले. हसणारी पोरं दोरीला रेटून बघू लागली. “हे बाटलीतलं नाही,” ते म्हणाले आणि वहीत काहीतरी खोडून पुन्हा लिहिलं. मला म्हणाले, “निघा आता बाहेर. आणि दुसऱ्या कुणाच्या खोंडाला हात लावू नका.”

दुपारी कर्ण्यावरून निकाल सांगितला. पहिला नंबर लांबच्या एका गावाच्या खोंडाचा आला. दुसरा बांड्याचा. नामदेवचा आलाच नाही. नामदेव सरळ आमच्याकडे आला, बाबांच्या पाया पडला आणि म्हणाला, “चला, माझ्या गाया आता तुमच्याच दारात.” माझ्याकडे वळून तो म्हणाला, “मास्तर, माझ्या बायकुला तेवढा शाम्पू द्या. तिच्याच कामाचा हाय त्यो.” उरलेली अर्धी बाटली मी तिथेच त्याला देऊन टाकली.

संध्याकाळची जीप यायला वेळ होता. बाबांच्या ओसरीवर नागलीची भाकरी आणि उडदाचं कालवण पानात आलं. बाबा शांतपणे जेवत होते. मी भाकरीचे नुसते तुकडे करत होतो.

“बाबा, मी तुमच्याशी खोटं बोललो. ऊन लागलं म्हणालो,” मी म्हटलं.

“ठावं हाय,” बाबा म्हणाले. “बाजारातून आलो तवा हात फिरवला की कळलं. लिंबाचा वास येत हुता. उन्हाला कुटं लिंबाचा वास आसतो?”

“मग त्याच वेळी बोलला का नाहीत? ऊन लागलं, असं तुम्हीच आधी म्हणालात!”

“तुमचं तोंड बघवना. म्हणलं, मानसाला बसाय कायतरी जागा द्यावी.”

मी धीर करून विचारलं, “आणि आज मी रिंगणात शिरलो नसतो तर?”

“तर खच्ची केला असता खोंड.”

“तुम्ही सांगितलं नसतं?”

“आपल्या दारात जेवलेल्या मानसाला चारचौघांत खाली बघाय लावायचं?” बाबांनी मान हलवली. “न्हाई जमत ते आपल्याला.”

माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते मी लपवलं नाही. एका अनोळखी माणसाची लाज राखायला हा म्हातारा आपल्या गायीचा वंश बुडू देणार होता आणि त्याबद्दल त्याचा आवाजही वर गेला नव्हता.

चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला. “त्यांस्नी न्हाई जमत,” ठकूमावशी आतून म्हणाली. “मला जमतं. सायबानं वही उघडली आन् मी चप्पल हातात घिऊन दोरीखालून आत शिरतच हुते. तेवढ्यात तुमी मधी आले, म्हून थांबले.”

ती चप्पल पळता यावं म्हणून हातात घेतली होती की माझ्यासाठी, हे मी विचारलं नाही. मावशीने बाहेर येऊन माझ्या ताटात आणखी एक गरम भाकरी टाकली आणि मी ती मुकाट्याने खाल्ली.